‘शंकर गुरू’ आधीचा, ‘महान’ नंतरचा: दुरुस्ती छापावी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

एकाच नटाने दोन-दोन, तीन-तीन भूमिका केलेल्या सिनेमांवर गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत पानभर लेख आला. मी तो आवडीने वाचला आणि कापूनही ठेवला. पण त्यात दोन चुका आहेत. ‘शंकर गुरू’ हा कन्नड सिनेमा अमिताभ बच्चन यांच्या ‘महान’वरून बेतला, असं लेखात म्हटलं आहे. खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. ‘शंकर गुरू’ १९७८ सालचा आणि ‘महान’ १९८३ सालचा. दुसरी चूक फोटोची. डॉ. राजकुमार यांचं नाव छापून त्यावर हिंदीतल्या राजकुमार यांचा चेहरा लावला आहे.

मी निपाणीचा. १९७७ साली, सतरा वर्षांचा असताना, इथल्या एका थिएटरात ऑपरेटरच्या हाताखाली लागलो. थिएटर बंद पडेपर्यंत एकतीस वर्षं त्याच केबिनमध्ये होतो. वर उल्लेख केलेले दोन्ही सिनेमे मी माझ्या हाताने मशीनवर चढवले आहेत, आधी कन्नड आणि पाच वर्षांनी हिंदी. त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही.

पत्र लिहायला बसलो ते नातवामुळे. तो नववीत आहे. लेख वाचून मी म्हणालो, “हे चुकलंय, कन्नड आधी आला होता.” त्यावर तो म्हणाला, “आज्जा, पेपरात तर असं आलंय.” पोराने उद्धटपणे म्हटलं नाही. छापलेलं खरं असतं असं आम्हीच त्याला शिकवलं, त्याप्रमाणे तो बोलला. मी त्याला मशीनमधल्या कार्बनच्या कांड्यांच्या उजेडात काढलेल्या रात्री सांगू शकतो, पण आपल्या कागदापुढे माझा शब्द उभा राहत नाही. म्हणून दुरुस्तीही आपल्याच कागदावर यायला हवी.

‘शंकर गुरू’ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दिग्दर्शक व्ही. सोमशेखर, संगीत उपेंद्रकुमार यांचं. बाप आणि त्याचे दोन जुळे मुलगे, तिन्ही भूमिका राजकुमार यांच्या. बाप खोट्या आरोपापायी बायकोपासून तुटतो, मुलं वेगवेगळी वाढतात, चेहरा तिघांचा एक. मग याला बघून तो समजायचं आणि त्याला बघून हा, आणि त्या घोटाळ्यातून मारामाऱ्या, पाठलाग, रडणं, हसणं. गोष्ट म्हणून यात जगावेगळं काही नाही, असं कुणी म्हणेल. पण ती ज्या पद्धतीने रचली होती ती इतकी पक्की होती की तेलुगूत त्याच वर्षी ‘कुमार राजा’ आला, तमिळमध्ये १९७९ साली ‘त्रिशूलम’ आला आणि तो शिवाजी गणेशन यांचा दोनशेवा सिनेमा ठरला. हिंदीचा नंबर त्यानंतरचा. हिंदीवाल्यांनी मुलांची नावंसुद्धा गुरू आणि शंकर हीच ठेवली. याहून वेगळा पुरावा काय हवा?

आमच्याकडे पेटी हुबळीहून यायची. एसटीच्या टपावरून उतरवलेली पत्र्याची पेटी, आत गोल डब्यांत रिळं. हजार फुटांचं एक रीळ साधारण अकरा मिनिटं चालतं. आम्ही दोन-दोन जोडून मोठ्या चक्रीवर घ्यायचो आणि दोन मशिनींवर आलटून पालटून चालवायचो. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, आणि सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका आला की झटक्यात बदल करायचा. प्रेक्षकाला कळता कामा नये. त्या ठिपक्यांची सवय अशी लागली की आजही टीव्हीवर जुना सिनेमा बघताना माझी नजर उजव्या कोपऱ्यात जाते.

आमच्या थोरल्या ऑपरेटरना सगळे मामा म्हणायचे. तरुणपणी त्यांनी कोल्हापूरच्या स्टुडिओत दिवे उचलले होते, त्यामुळे सिनेमा कसा बनतो हे त्यांना आतून माहीत होतं. ‘शंकर गुरू’च्या पहिल्याच खेळाला त्यांनी मला काचेपाशी उभं केलं आणि म्हणाले, “खांबाकडं बघ. खांब हाय तिथं रेघ हाय.” तोवर मला वाटायचं, राजकुमारसारखा दिसणारा दुसरा कुणी शोधून आणला असणार.

मामांनी सांगितलं ते असं. कॅमेऱ्यापुढे निम्मी चौकट काळ्या पट्टीने झाकायची. उघड्या निम्म्यात नट पहिली भूमिका करतो, झाकलेल्या भागात फिल्म कोरी राहते. मग अंधारात फिल्म मोजून तितकीच मागे घ्यायची, पट्टी दुसऱ्या बाजूला लावायची, नट कपडे आणि भांग बदलून येतो आणि मघाशी जिथं कुणीच नव्हतं तिथं उभा राहून दुसरी भूमिका करतो. मधल्या वेळात कॅमेरा केसाएवढाही हलला तर सगळं वाया. म्हणून तिवईला वाळूची पोती बांधायची. दिव्यांची जागा बदलायची नाही, नाहीतर एकाच खोलीत दोन माणसांच्या सावल्या दोन दिशांना पडतात. आणि जोड कुठं आली ते लपावं म्हणून मधे खांब, दाराची चौकट नाहीतर पडद्याची घडी धरायची. नटाने ती रेघ ओलांडायची नाही, हातसुद्धा पलीकडे न्यायचा नाही, नाहीतर तो कापला जातो. दोघं मिठी मारतात तिथं एकाची पाठ दिसते. ती पाठ डुपची, म्हणजे नटाच्या जागी उभ्या केलेल्या बदली माणसाची असते. तिघं एका चौकटीत आणायचे तर दोन रेघा आणि दोन वेळा फिल्म मागे.

आणि या सगळ्यात नटाने समोर रिकाम्या हवेकडे बघून बोलायचं. उत्तर कुणीतरी बाजूला उभं राहून वाचतो, तेवढाच वेळ थांबायचं, नजर त्याच उंचीवर ठेवायची. अर्ध्या तासाने तोच माणूस पलीकडच्या बाजूने स्वतःच्याच बोलण्याला उत्तर देतो. आज संगणकावर हे सगळं होतं आणि ज्याने त्याने जे तंत्र असेल ते वापरावं. पण त्या काळात एका दृश्यापायी माणसं किती घाम गाळत होती, ते मी काचेतून दिवसाला तीन-तीन वेळा पाहिलं आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला जोड दिसायला लागली. एका बाजूचा उजेड किंचित फिका असायचा. पिटातल्या, म्हणजे पडद्यापुढच्या स्वस्त जागांवरच्या, कुणाला ती कधीच दिसली नाही. लोक पुढचा खांब बघत नव्हते, लोक राजकुमार यांचे डोळे बघत होते.

आता लेखात जे आलंच नाही त्याबद्दल. ओळखीच्या घोटाळ्याचा सिनेमा चेहऱ्यावर चालतो असं सगळ्यांना वाटतं. माझं एकतीस वर्षांचं मत आहे की तो आवाजावर चालतो. चेहरा एकच असेल तर प्रेक्षकाला माणूस ओळखायचा कशाने? चालीने आणि बोलण्याने. राजकुमार गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीतून आलेले. शाळा लहानपणीच सुटलेली, पण कन्नड असं बोलायचे की एकेक अक्षर स्वच्छ कानावर पडायचं. बाप झाले की शब्द सावकाश, छातीतून. मुलगा झाले की तोच आवाज हलका, भरभर. माझ्यासारख्या मराठी शाळेतून आलेल्याला पहिल्या आठवड्यात निम्मे शब्द कळत नव्हते, तरी डोळे मिटून कोण बोलतोय ते सांगता यायचं. माझं कन्नड त्याच केबिनमध्ये झालं. पडद्यामागच्या स्पीकरचा आवाज भिंतीतून गाळून यायचा, आणि शेजारी मामा एकेका वाक्याचा मराठीत अर्थ सांगायचे.

गाणीही त्यांचीच. आधी बरीच वर्षं पी. बी. श्रीनिवास यांचा आवाज त्यांच्या ओठांवर होता. १९७४ साली ‘संपत्तिगे सवाल’मध्ये म्हशीवर बसून म्हणायचं गाणं त्यांनी स्वतः म्हटलं, आणि तिथून पुढे ते स्वतःच गात राहिले. पुढे पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. म्हणजे बोलणारा आणि गाणारा माणूस एकच. ही गोष्ट तिहेरी भूमिकेत फार कामाची आहे.

म्हणून हल्ली टीव्हीवर कन्नड मारधाडीचे सिनेमे हिंदी आवाजात दाखवतात तेव्हा मला राहवत नाही. परवाच एक लागला होता. खेड्यातला साधा पोरगा आणि शहरातला गुंड, दिसायला सारखे. मूळ कन्नडमध्ये खेड्यातला बोलला असता धारवाडकडचं आणि शहरातला बंगळुरूकडचं, आणि पहिल्या वाक्याला आमच्या भागातल्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं की हा तो नव्हे. हिंदीत दोघांनाही एकाच माणसाने एकाच पट्टीत आवाज दिलेला. मग सिनेमातली माणसं फसतात ते ठीक, पण बघणाराही फसतो. माझी बायको शेवटपर्यंत विचारत राहिली, हा कुठला? असे सिनेमे मूळ आवाजात दाखवून खाली मराठी अक्षरं दिली तर निपाणी, गडहिंग्लज, जत, अक्कलकोट इथली किती घरं आनंदाने बघतील. निम्म्या घरांत आजी कन्नड बोलते आणि नातू मराठी.

‘महान’ आमच्याकडे लागला तो दिवस स्पष्ट आठवतो. हाऊसफुल्ल. अमिताभ यांच्या नावावर कोल्हापूरपासून लोक यायचे. सुरुवातीचा थोडा भाग झाला आणि पिटातून एकजण ओरडला, “अरे, ह्यो तर अण्णांचा पिच्चर!” अण्णा म्हणजे राजकुमार. त्यांना सगळे अण्णावरू म्हणायचे. थिएटरभर हशा आणि शिट्ट्या. रागाचा सूर त्यात नव्हता, ओळखीचा माणूस गर्दीत सापडल्यावर होतो तसा आनंद होता. अमिताभ यांनी काम जोरात केलं आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दुसऱ्या भाषेतली गोष्ट घेऊन सिनेमा करणं हा गुन्हा नव्हे. पण मूळ कुणाचं ते विसरलं जाऊन मूळच नक्कल ठरावं, हे बरोबर नाही. त्या संध्याकाळी पिटात बसलेल्या विडी कामगारांना जे माहीत होतं ते चाळीस वर्षांनी पुरवणीत उलटं छापून येतं, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

फोटोबद्दल. हिंदीतले राजकुमार हे मूळचे कुलभूषण पंडित. १९९६ साली गेले. कन्नडमधले राजकुमार हे मूळचे मुत्तुराज, जन्म २४ एप्रिल १९२९, गाजनूरचे. ‘बेडर कण्णप्प’ या १९५४ सालच्या सिनेमाच्या वेळी दिग्दर्शक एच. एल. एन. सिंह यांनी त्यांना राजकुमार हे नाव दिलं. दोघांचंही जन्मनाव राजकुमार नव्हतं. हिंदीतले राजकुमार मोठे नट होते, त्यांचे सिनेमेही मी लावलेत. पण ज्यांनी दोनशेवर सिनेमे केले आणि ‘बेडर कण्णप्प’चा तेलुगू अवतार सोडला तर कन्नडबाहेर नट म्हणून पाऊल टाकलं नाही, त्यांच्या नावावर दुसऱ्याचा चेहरा लागावा? ज्यांना १९९५ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, त्यांच्या? तो पुरस्कार ज्यांच्या नावाने देतात त्या फाळक्यांनीच १९१७ साली अण्णा साळुंके यांना एकाच सिनेमात राम आणि सीता दोन्ही केलं होतं. आपल्या लेखाचा विषय दुहेरी भूमिका होता आणि अण्णा साळुंके यांचं नाव त्यात कुठंच नव्हतं, तेही जाता जाता लिहून ठेवतो.

आता जरा नाजूक बोलतो. मी सीमाभागातला मराठी माणूस आहे. मराठी शाळेत शिकलो, मोर्चात गेलो, लाठीही खाल्ली. १९८२ साली, शाळेत कन्नडला पहिलं स्थान द्यावं असं सांगणाऱ्या गोकाक अहवालासाठीच्या चळवळीत राजकुमार स्वतः उतरले, गावोगाव सभा झाल्या, आणि आमच्या मुलांच्या शाळेचं काय होणार या भीतीने आमच्याकडचे लोक अस्वस्थ झाले. माझ्या मित्रांनी त्यांचे सिनेमे बघणं सोडलं. एकाने मला तोंडावर विचारलं, तू अजून त्यांचीच रिळं फिरवतोस? मला नोकरीमुळे सोडता येत नव्हतं, हे खरं. सोडायचंही नव्हतं, हेही तितकंच खरं. भाषेच्या हक्काबद्दल माझं मत तेव्हा जे होतं तेच आज आहे. पण माणसाचं काम एका पारड्यात आणि आपलं भांडण दुसऱ्या पारड्यात घालून मी कधी तोललं नाही. १२ एप्रिल २००६ला ते गेले. आम्ही खेळ बंद ठेवला आणि मी घरी येऊन जेवलो नाही. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

एवढं सगळं एका सिनेमाच्या सालासाठी का, असं आपल्या कार्यालयात कुणाला वाटेल. त्याचं कारण घरचं आहे.

माझे वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. १९७९च्या पावसाळ्यात त्यांच्या नावाने एका संस्थेची नोटीस आली. कर्ज थकलंय, अठराशे रुपये भरा, नाहीतर जप्ती. वडिलांनी आयुष्यात कुणाचं कर्ज काढलं नव्हतं. चार-पाच मैलांवरच्या गावात त्यांच्याच नावाचा, बापाचं नाव तेच आणि आडनावही तेच, असा एक माणूस होता. त्याचं ते कर्ज. वडील रेशनकार्ड घेऊन त्या कचेरीत अकरा वेळा गेले. पहिल्याच खेपेला तिथला माणूस हसून म्हणाला, “निपाणीचा ना तू? मग ‘तो मी नव्हेच’ म्हणणारच.”

आचार्य अत्र्यांचं ते नाटक सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. १९६२ साली रंगभूमीवर आलं. प्रभाकर पणशीकरांनी फिरत्या रंगमंचावर त्यात पाच रूपं उभी केली, आणि लखोबा लोखंडे हा निपाणीचा तंबाखूचा व्यापारी घरोघरी पोचला. नाटक थोर आहे, पणशीकर थोर आहेत. पण आम्ही निपाणीकर कुठंही गाव सांगितलं की समोरचा ते वाक्य म्हणतो. लखोबा खोटं बोलत होता. माझे वडील खरं बोलत होते. दोघांचं वाक्य मात्र एकच, आणि त्या कचेरीत हसायला तेवढं पुरलं.

१९८० साली ‘शंकर गुरू’ दुसऱ्यांदा लागला तेव्हा एका रात्री नऊच्या खेळाला मी वडिलांना केबिनमध्ये बसवलं. ते कधी थिएटरात यायचे नाहीत. कन्नड त्यांना वखारीतल्या सोबत्यांमुळे चांगलं यायचं. बाप खोट्या आरोपापायी घर सोडून जातो ते बघून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मी कार्बनची कांडी बदलत होतो. मग म्हणाले, “ह्यो पळून तरी गेला. आपुन कुठं पळायचं?” मला उत्तर सुचलं नाही. ठिपका आला म्हणून मी मशीनकडे वळलो. त्या रात्री चेंजओव्हर चुकला, पडदा दोन सेकंद पांढरा राहिला आणि पिटातून शिव्या आल्या. मामा खालून धावत आले, वडिलांना तिथं बसलेलं पाहिलं आणि मला काही बोलले नाहीत.

त्यानंतर महिन्याभराने तो दुसरा माणूस स्वतःहून त्या कचेरीत गेला. त्याला कुणाकडून तरी कळलं होतं. गरीब होता, पण नेक. म्हणाला, “कर्ज माझं हाय, ह्या माणसाला सोडा.” तिथल्या साहेबांनी वडिलांना बोलावून सांगितलं, ठीक आहे, जावा आता. वडील म्हणाले, “तेवढं लेखी द्या.” साहेब म्हणाले, लेखी कशाला, मिटलं की. वडिलांनी आणखी दोन-तीनदा मागून पाहिलं. मिळालं नाही. नोटीस लेखी आली होती, टपालाने, सगळ्या गल्लीने वाचली होती. सुटका तोंडी झाली आणि ती फक्त त्या खोलीतल्या चौघांनी ऐकली. पुढे बहिणीच्या लग्नाच्या बोलणीत एका घरून विचारणा झाली, तुमच्यावर जप्ती आली होती म्हणे? वडिलांकडे दाखवायला कागद नव्हता. ती नोटीस त्यांनी शेवटपर्यंत ट्रंकेत ठेवली होती. ते १९९१ साली गेले, ट्रंक अजून आमच्याकडे आहे.

सिनेमात शेवटी सगळ्यांसमोर खरं कोण ते कळतं, आणि लोक टाळ्या वाजवून घरी जातात. म्हणूनच अशा गोष्टी चारही भाषांत चालल्या असतील. बाहेर तसं होत नाही, कुणालातरी लिहून द्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट कळवतो, तिचा आपल्या वाचकांना उपयोग होईल. कन्नडमधला पहिला बोलपट ‘सती सुलोचना’. वाय. व्ही. राव यांनी दिग्दर्शित केलेला, ३ मार्च १९३४ रोजी प्रदर्शित झाला, आणि त्याचं चित्रीकरण आपल्या कोल्हापुरात झालं, छत्रपती स्टुडिओत. त्याआधी दोनच वर्षं प्रभातने मराठीतला पहिला बोलपट कोल्हापुरातच केला होता. म्हणजे मराठी आणि कन्नड सिनेमा दोघंही एकाच गावात बोलायला शिकले. कर्नाटकात ३ मार्च हा कन्नड सिनेमाचा दिवस म्हणून साजरा होतो. कोल्हापुरात त्या दिवशी काही होतं असं माझ्या तरी कानावर नाही. आपल्या पुरवणीने येत्या ३ मार्चला यावर एक पान करावं. मामा असते तर त्यांनी किती सांगितलं असतं. मी त्यांच्याकडून जेवढं ऐकलं तेवढं आपल्या लेखकांना सांगायला तयार आहे. निपाणीला यावं, घर स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर आहे.

आता मागणी. दुरुस्ती ‘वाचकांच्या पत्रां’त माझ्या पत्राच्या रूपाने येऊ नये. ती आपल्या नावाने, त्याच पुरवणीत, त्याच पानावर, वाचता येईल अशा अक्षरांत यावी. त्यात साल लिहावं, दिग्दर्शकाचं नाव लिहावं, आणि डॉ. राजकुमार यांचा स्वतःचा फोटो छापावा. शक्यतो ‘शंकर गुरू’मधला, तिन्ही रूपांतला. यापुढे कुठलाही सिनेमा दुसऱ्या भाषेतून आलेला असेल तर मूळ भाषा आणि साल देण्याची पद्धत ठेवावी, दोन शब्द जास्त लागतील. आणि ‘साऊथचा’ एवढंच लिहू नये. कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम या चार वेगळ्या भाषा आहेत. आमचा शेजार कन्नडचा आहे.

ज्यांनी लेख लिहिला त्यांच्यावर माझा राग नाही. लेखात मेहनत दिसते. त्यांना रागावू नये, फक्त चूक सुधारून घ्यावी. दुरुस्ती येईल त्या रविवारी नातवाला स्टँडवर पाठवून मी दोन अंक मागवणार आहे. एक त्याला देईन. दुसऱ्यातलं कात्रण ट्रंकेत ठेवीन, वडिलांच्या नोटिशीशेजारी.

कळावे,

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त सिनेमा ऑपरेटर,
निपाणी